नोगालेसच्या भिंतीपाशी जाताना : एफ-१ व्हिसावरच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

मार्चच्या सुट्टीत कॅम्पसवरची अर्धी मुलं फ्लोरिडाच्या समुद्राकडे पळतात आणि आपल्यातली बरीचशी न्यू जर्सीच्या मावशीकडे. काही विद्यापीठांत मात्र त्याच सुमारास आणखी एक यादी लागते : दहा-बारा विद्यार्थी, एक प्राध्यापक, दोन व्हॅन आणि आठवडाभर अमेरिका-मेक्सिकोची सीमा. मी या सहलीला दोनदा गेले. पहिल्यांदा मैत्रिणीने नाव घातलं म्हणून, दुसऱ्यांदा विद्यार्थी-समन्वयक म्हणून. तेव्हापासून दर फेब्रुवारीत पुण्या-नागपूरकडची दोन-तीन मुलं फोन करतात आणि तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

वर्गातल्या अमेरिकी मुलांना विद्यापीठ जी माहितीपत्रिका देतं, ती आपल्याला पुरत नाही. त्यांना परत येताना पासपोर्ट दाखवला की झालं. आपल्याला परत आत घ्यायचं की नाही, हे खिडकीतला अधिकारी ठरवतो.

१. कुठली सीमा, ते आधी बघा

ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे आणि तिची तोंडं बरीच. सॅन दिएगो-तिहुआना हे एक, टेक्सासमधलं एल पासो-हुआरेस हे दुसरं. तिथे दोन शहरांमधून रिओ ग्रांदे नदी वाहते आणि पुलावरून चालत पलीकडे जाता येतं. मला माहीत आहे ती तिसरी वाट : ॲरिझोनातलं टूसॉन आणि तिथून दक्षिणेला तासाभरावरचं नोगालेस. खरं तर नोगालेस दोन. एक ॲरिझोनात, एक मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात. तिथली माणसं दोन्ही मिळून ‘आम्बोस नोगालेस’ म्हणतात, म्हणजे ‘दोन्ही नोगालेस’. मध्ये एकाच टेकडीवरून चढत-उतरत जाणारी पोलादी खांबांची भिंत. २०११मध्ये जुने सपाट पत्रे काढून हे खांब रोवले. दोन खांबांमधल्या फटीतून पलीकडचं दुकान, कुत्रं, वाळत घातलेले कपडे दिसतात.

नवख्यांना हीच जागा सोयीची, कारण न्यायालय, वाळवंट आणि स्थलांतरितांसाठीचं सीमेपलीकडचं भोजनघर हे तिन्ही चार-पाच दिवसांत बघून होतं. मार्चमध्ये हवाही सोसवते. मे संपता संपता पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कुणी कितीही बोलावलं तरी वाळवंटात पायी हिंडू नका.

सहल कोण चालवतं, हे विचारा. पलीकडे राहणाऱ्या-राबणाऱ्या संस्थेच्या हाताखाली जाणारी सहल असावी. नोगालेसमध्ये जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाने, २००९मध्ये सुरू केलेलं ‘किनो बॉर्डर इनिशिएटिव्ह’ आहे. त्याचं काम सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतं आणि ते विद्यार्थ्यांचे गट घेतात. तुम्ही भरलेल्या शुल्कातले किती पैसे तिथल्या संस्थेला जातात, हेही विचारायला लाजू नका. नुसत्या व्हॅनमधून भिंत दाखवून आणणाऱ्या सहलीला माझ्या मते जाऊ नये. ते प्राणिसंग्रहालय होतं.

२. कागद

हा भाग दोनदा वाचा.

मेक्सिकोत पाऊल टाकायचं तर पासपोर्ट, त्यात चालू असलेला एफ-१ व्हिसा आणि मूळ आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद, जवळ हवा. आय-२०च्या दुसऱ्या पानावर प्रवासासाठीची सही असते. ती वर्षाच्या आतली हवी, आणि ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, असाल तर सहा महिन्यांच्या आतली. ही सही डीएसओकडून, म्हणजे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून, निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी घ्या. सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी त्या कार्यालयाबाहेर सिद्धिविनायकाची रांग लागलेली असते.

आता खरी मेख. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, पण आय-२० चालू असल्यामुळे अमेरिकेतला मुक्काम कायदेशीर असतो. सीनियर मंडळी सांगतात, ‘मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या व्हिसावर परत घेतात.’ हे खरं आहे. स्वयंचलित पुनर्वैधता नावाचा नियम आहे. आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद, चालू असेल, फक्त मेक्सिको किंवा कॅनडात गेला असाल आणि तिथे नवा व्हिसा मागितला नसेल, तर तो लागू होतो. पण हा नियम अमेरिकेचा आहे. मेक्सिको भारतीयांना मेक्सिकन व्हिसाशिवाय आत घेतो तो अमेरिकेचा (किंवा कॅनडा, ब्रिटन, जपान, शेंगेन देशांपैकी कुणाचा) व्हिसा *चालू* असेल तरच. म्हणजे अमेरिका परत घ्यायला तयार, पण मेक्सिको आत घ्यायला तयार नाही, अशी गंमत होते. पहिल्या सहलीत आमच्यातला एक जण असाच अडकला. सगळा गट पलीकडे, आणि हा दोन दिवस अलीकडच्या नोगालेसमध्ये बरिटो खात बसला. तेव्हा शिक्का संपला असेल तर आधी मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा घ्या, नाहीतर अमेरिकेच्या बाजूचेच कार्यक्रम करा. त्यातही भरपूर शिकायला मिळतं.

तुमचा व्हिसा रद्द झाल्याचं पत्र आलेलं असेल, तर पुनर्वैधतेचा हा नियम लागूच होत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी ‘स्टेटस बदला’चा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर तो बदलाचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. या दोहोंपैकी काहीही असेल तर सीमा ओलांडू नका. शंका असेल तर डीएसओला ईमेल करा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. तोंडी ‘होईल हो’वर भरवसा नको. दोन वर्षांपूर्वीचा अनुभव आज चालेल, असंही धरू नका. माझासुद्धा.

गटातलं कुणी काही कारण न देता अलीकडेच थांबणार असेल तर ‘का रे?’ विचारू नका. लहानपणी आईबापांबरोबर कागदांविना आलेली मुलंही अमेरिकी विद्यापीठांत शिकतात. त्यांनी चार लोकांत ते सांगावं अशी वेळ आणू नका.

फोन-लॅपटॉप सीमेवर तपासायचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे, हे लक्षात ठेवून जे न्यायचं ते न्या. मी लॅपटॉप नेत नाही.

३. निघण्याआधी डोक्यात काय असावं

‘घुसखोर’ हा शब्द घरी ठेवून या. मराठी वर्तमानपत्रांनी तो इतका वापरलाय की आपल्या तोंडी सहज येतो, आणि समोर बसलेल्या बाईला तो लागू आहे का, हे कळायच्या आतच आपण निकाल देऊन मोकळे होतो. स्थलांतरित, आश्रय मागणारे, हद्दपार झालेले – या तिघांची कायद्यातली जागा वेगवेगळी आहे. १९८०च्या अमेरिकी कायद्यानुसार आश्रय मिळण्याची कारणं पाचच : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व. भूक त्यात नाही, दुष्काळ नाही. पलीकडे बसलेल्या कित्येकांच्या हालांना त्या यादीत जागाच नसते.

इतिहास थोडा वाचा, फार नको. १८४८च्या अमेरिका-मेक्सिको तहाने आणि १८५३च्या गॅड्सडेन खरेदीने, म्हणजे अमेरिकेने मेक्सिकोकडून विकत घेतलेल्या जमिनीने, ही रेघ आजच्या जागी आली. त्या वाळवंटात आधीपासून राहणाऱ्या तोहोनो ओओदाम लोकांची वस्ती तिने दुभंगली. ही सीमा चोरून ओलांडताना पकडले जाणारे सुरुवातीचे लोक मेक्सिकन नव्हते, चिनी होते. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, म्हणून ते मेक्सिकोमार्गे येऊ लागले. बॉर्डर पेट्रोल हे दल तर १९२४मधलं. योगायोग असा की त्याच वर्षी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत पोचले. गदर चळवळीमुळे इंग्रजांनी परतीचा रस्ता बंद केला होता. मग त्यांनी चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम केलं आणि शिकवलं. मेक्सिकोने ठेवून घेतलेला आपला माणूस. पलीकडे कुणी ‘तुमचा आमच्या देशाशी काय संबंध?’ विचारलं तर मी हे सांगते.

आणि आता रांगेबद्दल. आपल्या मंडळींच्या प्रत्येक पॉटलकमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘आम्ही रांगेत उभे राहून आलो, यांनीही राहावं.’ मीही म्हणायचे. आपली रांग लांब आहे हे खरं. भारतात जन्मलेल्या इंजिनीअरला ग्रीन कार्डसाठी दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. पण आपल्याला रांग आहे. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या शेतमजुराला अमेरिकेत ना आईबाप, ना भाऊ, ना पदवी. अकुशल कामगारांसाठीची कायमची व्हिसा-संख्या कायद्याने साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार. त्याने नेमकं कुठे जाऊन उभं राहायचं, हे सहलीत कुणालाही विचारा. बॉर्डर पेट्रोलच्या माणसालाही विचारा. मी विचारलं होतं. तो हसला आणि म्हणाला, ते काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, विचारा.

हे फक्त त्यांचं आहे, असंही नाही. जून २०१९मध्ये भारतातून आलेली सहा वर्षांची मुलगी ॲरिझोनात लुकव्हिलजवळ उन्हाच्या तडाख्याने गेली. आई पाणी शोधायला गेली होती. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला परत पाठवले, त्यांत बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. महाराष्ट्राचेही तीन जण होते.

४. पिशवीत काय

एक कंगवा. केसांसाठी नव्हे. चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी त्याचा काटेरी गोळा पायाला चिकटतो आणि बोटांनी काढायला गेलं की बोटांत रुततो. कंगव्याचे दात खाली घालून तो उडवायचा.

माणशी रोज चार लिटर पाणी, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्या. नोगालेस समुद्रसपाटीपासून हजारबाराशे मीटर उंच आहे, पहाटे कुडकुडायला होतं, स्वेटर हवाच. सर्दीची औषधं बघून घ्या : स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी मेक्सिकोत चालत नाही. ॲरिझोना आणि सोनोरा दोन्हीकडे घड्याळं मागेपुढे करत नाहीत, तेव्हा मार्चमधल्या त्या घोळापासून सुटका.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका. घेवड्याच्या उसळीत आणि गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे मेक्सिकन पोळीतही, डुकराची चरबी असू शकते. ‘सिन मांतेका’ हेही पाठ करा. सोनोरातली मोठी गव्हाची तोर्तिया मात्र बघाच. हाताच्या कोपरापर्यंत पसरत नेलेली, आरपार दिसेल इतकी पातळ. खानदेशातल्या कुणालाही मांडेच आठवतील.

५. टूसॉनचे दिवस : न्यायालय आणि वाळवंट

संघीय न्यायालयातल्या सुनावण्या कुणालाही बघता येतात. ओळखपत्र लागतं, फोन बाहेर ठेवावा लागू शकतो, आत कुजबुजही नको. टूसॉनमध्ये २००८पासून ‘ऑपरेशन स्ट्रीमलाइन’खाली एका दुपारी सत्तर-सत्तर जणांना एकत्र उभं करून गुन्हा कबूल करून घेत. महामारीत ती पद्धत थांबली, कलमं मात्र आहेत. कलम १३२५ : चोरून प्रवेश, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम १३२६ : हद्दपारीनंतर पुन्हा प्रवेश, हा मोठा गुन्हा. बघताना एक काम करा. एका माणसाला न्यायाधीशांसमोर किती वेळ मिळतो, तो घड्याळावर मोजा आणि वहीत लिहा. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

आणि गणवेश ओळखायला शिका. हिरवा गणवेश बॉर्डर पेट्रोलचा : ते दोन नाक्यांच्या मधल्या उघड्या सीमेवर आणि आतल्या रस्त्यांवर असतात. निळा गणवेश नाक्यावरच्या अधिकाऱ्यांचा : पासपोर्ट बघतात ते हे. देशाच्या आत राहणाऱ्यांना पकडून हद्दपार करणारं आइस हे तिसरंच खातं. मराठी व्हॉट्सॲप गटांवर तिन्हींची खिचडी असते.

हिरव्या गणवेशवाल्यांशी भेट ठरवलेली असेल तर टाळू नका. पुष्कळ मुलं तोंड वाकडं करून बसतात. त्या दलात मेक्सिकन वंशाचे अधिकारी भरपूर आहेत, वाळवंटात तहानेने मरणाऱ्यांना उचलून आणणारेही तेच असतात. त्यांना पगार, पाळी, पहिली अटक यांबद्दल विचारा. धोरणावर भाषण द्यायला लावू नका, ते पाठ केलेलं ऐकवतील.

वाळवंटाचा दिवस जड जातो. १९९३मध्ये एल पासोला आणि १९९४मध्ये सॅन दिएगोला शहरी सीमा आवळली. कल्पना अशी की उरलेलं वाळवंट लोकांना आपोआप थोपवेल. लोक थांबले नाहीत, वाळवंटातून चालू लागले. दक्षिण ॲरिझोनात आजवर चार हजारांहून जास्त मृतदेह आणि अवशेष सापडलेत. पिमा काउंटीचं शवचिकित्सा कार्यालय आणि ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ ही संस्था त्यांचा नकाशा ठेवतात, एकेक लाल ठिपका एकेक माणूस. २०००मध्ये सुरू झालेली हीच संस्था वाळवंटात पाण्याची पिंपं ठेवते आणि लांबून दिसावा म्हणून उंच काठीवर निळा झेंडा लावते. त्या नकाशावरचे ठिपके शोधत आल्वारो एन्सिसो हे टूसॉनचे कलाकार जाऊन तिथे क्रूस रोवतात. स्वयंसेवकांबरोबर जायला मिळालं तर पिंपं भरायला हात लावा. कुणाची बाटली, चप्पल, पिशवी पडलेली दिसली तर उचलू नका, बरोबर आणू नका. आमच्यातल्या एकाने लहान मुलाचा बूट ‘प्रकल्पासाठी’ खिशात घातला होता. प्राध्यापिकाबाईंनी त्याला अर्धा तास आल्या वाटेने मागे चालायला लावून तो होता तिथे ठेवून यायला लावलं. बरं केलं.

६. पलीकडे

दक्षिणेकडे जायला फिरतं फाटक, बॅगेची तपासणी, पाच मिनिटं. तुम्हाला कुणी थांबवलं नाही तरी मेक्सिकोच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर स्वतःहून जाऊन प्रवेशाची नोंद करून घ्या.

भोजनघरात म्हणजे ‘कोमेदोर’मध्ये आपलं काम वाढप्याचं. ताटं द्यायची, पाणी भरायचं, टेबलं पुसायची. आपल्याकडे पंगतीत वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही : जेवणाऱ्याला तिष्ठत ठेवायचं नाही, आणि जेवताना त्याची चौकशी करायची नाही. जेवणाऱ्यांजवळून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणा, ‘सावकाश होऊ द्या’सारखंच आहे ते. बसायचं तर आधी विचारा. ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणू नका. मुलांशी खेळा, हवामान, गाव, फुटबॉल, काय शिजवता यावर बोला. सांगायचं असेल तर माणूस सांगतो. एकीने मला विचारलं, भारतात मुलींना लग्नानंतर आईकडे जाऊ देतात का. आम्ही अर्धा तास माहेरावर बोललो. तिचं माहेर भिंतीच्या या बाजूला, मुलं त्या बाजूला.

फोटो नाही. पाठमोरा नाही, हाताचा नाही. कुणी खंडणीवाल्यांपासून पळालेला असतो, तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या हातावरचं गोंदण त्याला ओळखायला पुरतं.

लोकांचे पाय बघा. हद्दपार होऊन नुकता आलेला माणूस लगेच ओळखू येतो : बूट आहेत, नाड्या नाहीत. कमरेला पट्टा नाही, एका हाताने पँट धरलेली. कोठडीत काढून घेतलेल्या असतात.

गर्दी किती दिसेल हे वर्षावर आहे. डिसेंबर २०२३मध्ये दक्षिण सीमेवर एका महिन्यात अडीच लाखांच्या आसपास लोक पकडले गेले होते. २० जानेवारी २०२५ रोजी आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरच्या मुलाखतीच्या वेळा देणारं सीबीपी वन हे ॲप बंद झालं आणि सुमारे ३० हजार लोकांच्या ठरलेल्या वेळा एका दुपारी रद्द झाल्या. त्यानंतर आकडे खूप खाली आले. भोजनघर रिकामं दिसलं तर ‘प्रश्न सुटला’ असं लिहून आणू नका. ती माणसं कुठे गेली, हे तिथल्या स्वयंपाकिणीला विचारा.

७. परत येताना

पायी रांग तासदोन तासांची असू शकते, त्यामुळे शेवटच्या दिवशी विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका. पासपोर्ट आणि आय-२० हातात ठेवा. प्राध्यापकांचं, सहलीचा उद्देश लिहिलेलं पत्रही असू द्या. विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगा. फळं आणू नका.

नोगालेसहून टूसॉनला येणारा आय-१९ हा महामार्ग. त्यावरची अंतरं किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत, अमेरिकेत दुसरीकडे सहसा बघायला मिळणार नाही ते. तुबाकजवळ हिरव्या गणवेशवाल्यांचा तपासणी नाका लागतो. तुम्ही सीमा ओलांडली नसेल तरी तो लागतोच, म्हणून अलीकडे थांबलेल्यांनीही पासपोर्ट आणि आय-९४ची छापील प्रत बाळगावी. अठरा वर्षांवरील परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा, असा कायदाच आहे. इथे एक घात होतो. अधिकारी व्हॅनमध्ये वाकून विचारतो, ‘सगळे अमेरिकी नागरिक?’ आणि मागून सगळे सुरात ‘येस’ म्हणतात. त्या सुरात तुमचा आवाज मिसळू देऊ नका. नागरिक असल्याचा खोटा दावा कायमचा अंगाशी येतो, ग्रीन कार्डाची वाटही त्याने बंद होऊ शकते. लगेच ‘नाही, एफ-१ विद्यार्थी’ म्हणा आणि पासपोर्ट पुढे करा. मी चालकाला आधीच सांगून ठेवते की नाक्यावर आम्ही दोघं-तिघं आधी बोलू.

घरी पोचल्यावर आय-९४ची नोंद संकेतस्थळावर उघडून तपासा. नाव, जन्मतारीख, एफ-१ हा प्रकार बरोबर आहे ना, एवढं बघा. चूक असेल तर डीएसओकडे त्याच आठवड्यात जा.

मग महिन्याभरात कॅम्पसवर एखादा कार्यक्रम होतो, निधी गोळा होतो, आणि कुणीतरी जुने कपडे भरून खोकं पाठवायला निघतं. आधी त्यांना विचारा काय हवंय. आम्ही विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं : पुरुषांचे लहान मापाचे पट्टे, आणि बुटांच्या नाड्या. काळ्या चालतील, लांब असाव्यात.